विहिरीच्या पाण्यातलं ऑर्गॅनोफॉस्फेट: एन्झाइम-पट्टीचे आकडे का जुळत नाहीत?

कार्बनपट्टी (धागालेखक)

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या उघड्या विहिरींच्या पाण्यात ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं आहेत का, हे चाळून बघायला एक स्वस्त पट्टी हवी आहे. सगळेच नमुने प्रयोगशाळेत पाठवणं परवडत नाही. शंभरातले दहा संशयित वेगळे काढता आले तरी काम भागेल. सध्याची मांडणी अशी:

छापील कार्बन इलेक्ट्रोड, व्यास ३ मिमी, शाईत कोबाल्ट थॅलोसायनिन (इलेक्ट्रॉनची देवघेव सोपी करणारं). त्यावर इलेक्ट्रिक ईल माशाचं ॲसिटिलकोलिनएस्टरेज (पुढे एसीएचई), पट्टीमागे ०.५ युनिट. सोबत बीएसए (एन्झाइमला आधार देणारं प्रथिन) २ टक्के, ग्लुटारॲल्डिहाइड (प्रथिनं एकमेकांना जोडणारं) २.५ टक्के. थेंब ३ मायक्रोलिटरचा. पट्टी पाण्याच्या नमुन्यात १० मिनिटं ठेवायची, मग त्याच पाण्यात ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइड १ मिलिमोलर होईल इतकं घालायचं आणि +१०० मिलिव्होल्टला करंट बघायचा. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) फॉस्फेट, पीएच ७.४. तत्त्व असं: एन्झाइम ॲसिटिलथायोकोलिन (सब्स्ट्रेट) फोडून थायोकोलिन बनवतं, त्याचा इलेक्ट्रोडवर करंट येतो. कीटकनाशकाने एन्झाइम मारलं की करंट उतरतो, तो उतार म्हणजे इन्हिबिशन.

घोळ तीन आहेत. शुद्ध पाण्यात क्लोरपायरीफॉस ५० मायक्रोग्रॅम/लिटर घातलं तरी इन्हिबिशन जेमतेम ४-५ टक्के येतं. उलट ज्या विहिरीच्या आसपास फवारणीच नाही, तिच्या पाण्यात १५-२० टक्के दिसतं. आणि सकाळचा नमुना दुपारी पुन्हा लावला की आकडा वेगळा.

---

पिवळा४१२

पहिला घोळ पट्टीचा नाही, रेणूचा आहे. क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन, मिथाइल पॅराथिऑन ही सगळी थायोन जातीची, म्हणजे फॉस्फरसला दुहेरी बंधाने गंधक जोडलेलं. अशा रेणूला एसीएचई फारशी दाद देत नाही. शरीरात गेल्यावर यकृतातली एन्झाइम्स गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवतात, ऑक्सॉन तयार होतो, आणि विष खरं तो असतो. बाटलीतल्या पाण्याला यकृत नाही. तुमचे ४-५ टक्के बहुधा स्टँडर्डमध्ये आधीच असलेल्या ऑक्सॉनच्या अंशाचे असावेत. मोनोक्रोटोफॉस आणि डायक्लोरव्हॉस मुळातच ऑक्सिजनवाले, ते थेट लागू पडतात.

म्हणून पट्टी बुडवण्याआधी ऑक्सिडेशन करायला लागतं. सुरुवात अशी करा: नमुना आधी बफरमध्ये आणा, त्यात एन-ब्रोमोसक्सिनिमाइड (एनबीएस) ५० मायक्रोमोलर, ५ मिनिटं. मग ॲस्कॉर्बिक ॲसिड २५० मायक्रोमोलर, २ मिनिटं. हे ॲस्कॉर्बिक विसरलात तर उरलेलं एनबीएस एन्झाइमच्या ट्रिप्टोफॅनवर तुटून पडतं आणि प्रत्येक विहीर 'विषारी' निघते. एनबीएसचं द्रावण रोज ताजं, गडद बाटलीत.

५० हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पाण्यात पालापाचोळा कुजलेला असेल तर तो सेंद्रिय माल एनबीएस आधीच खाऊन टाकतो. त्याच विहिरीच्या पाण्यात क्लोरपायरीफॉस घालून १०, ३०, ५०, १०० अशी मालिका लावा आणि इन्हिबिशन जिथे सपाट होतं तो आकडा घ्या. जोडीला कीटकनाशक न घातलेलं तेच पाणी, तेच एनबीएस, तेच ॲस्कॉर्बिक. ही जोडी लावली नाही तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

---

मिलियुनिट

वरचं सगळं केलंत तरी ०.५ युनिटची पट्टी आंधळीच राहणार. हिशोब बघा.

१ मिलियुनिट म्हणजे मिनिटाला १ नॅनोमोल थायोकोलिन. थायोकोलिनच्या एका रेणूमागे एक इलेक्ट्रॉन, म्हणजे सगळा माल इलेक्ट्रोडने पकडला तर १.६ मायक्रोअँपिअर. ५०० मिलियुनिटचे होतात ८०० मायक्रोअँपिअर. आता पुरवठ्याची बाजू: १ मिलिमोलर सब्स्ट्रेट, ३ मिमीची चकती, न ढवळलेल्या पाण्यात ०.१ मिमीच्या आसपास डिफ्यूजनचा थर धरला, तर सब्स्ट्रेट पोचतो फार तर ४ मायक्रोअँपिअरपुरता. एन्झाइमची क्षमता ८०० ची, कच्चा माल ४ चा. ग्लुटारॲल्डिहाइडमध्ये नऊ-दशांश एन्झाइम मेलं असं धरलं तरी ८० उरतात. कीटकनाशकाने त्यातले निम्मे मारले, ४० उरले. करंट? तोच ४.

ग्लुकोजच्या पट्टीत एन्झाइम भरपूर टाकणं शहाणपणाचं, कारण तिथे सब्स्ट्रेट मोजायचा असतो. इथे मोजायचं आहे मेलेलं एन्झाइम, तेव्हा तंगी एन्झाइमची हवी. ओळखायची खूण सोपी: पट्टीवर एन्झाइम दुप्पट करा. करंट दुप्पट झाला तर ठीक. हलला नाही तर पट्टी डिफ्यूजनमध्ये अडकली आहे.

---

कार्बनपट्टी

लक्षात आलं. मग पट्टीमागे किती ठेवायचं? आणि इतकं कमी एन्झाइम टिकतं का?

---

मिलियुनिट

२ ते ५ मिलियुनिट. जोडताना नऊ-दशांश एन्झाइम मरतं असं धरून करंट ३०० ते ८०० नॅनोअँपिअर मिळायला हवा.

कृती: द्रावण अ – एन्झाइम २ युनिट/मिली, बीएसए २ टक्के, फॉस्फेट ५० मिलिमोलर, पीएच ७.४. द्रावण ब – ग्लुटारॲल्डिहाइड ०.५ टक्के, त्याच बफरमध्ये. दोन्ही बर्फावर. १०० मायक्रोलिटर अ + १०० मायक्रोलिटर ब, पिपेटने दोन-तीनदा वरखाली, की लगेच ३-३ मायक्रोलिटर पट्ट्यांवर. म्हणजे पट्टीमागे ३ मिलियुनिट, बीएसए १ टक्का, ग्लुटारॲल्डिहाइड ०.२५ टक्के. मिश्रण काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. एका घाण्यात १०-१५ पट्ट्याच करा. शेवटच्या पाच पट्ट्यांचा थेंब जाड पडतो आणि त्या नेमक्या 'चांगल्या' वाटतात, कारण करंट स्थिर असतो. टाकून द्या.

४ अंशाला दोन तास वाळू द्या, मग ०.१ मोलर ग्लायसिन असलेल्या बफरमध्ये १० मिनिटं बुडवा. मोकळे राहिलेले ॲल्डिहाइड गट तिथे बंद होतात. पुन्हा वाळवून सिलिका जेलच्या पुडीसह सीलबंद, ४ अंशाला.

कुठे फसतं: (१) २.५ टक्के ग्लुटारॲल्डिहाइड एन्झाइमची कत्तल करतं. जुनी बाटली तर त्याहून वाईट, कारण आत पॉलिमर झालेलं असतं. (२) एन्झाइमचं विरळ द्रावण बीएसएशिवाय ठेवलं की ते प्लास्टिकच्या नळीच्या भिंतीला चिकटतं आणि तासाभरात ताकद उतरते. (३) एन्झाइम धरून ठेवायला कोणी कायटोसान वापरत असेल तर ते १ टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवल्यावर पीएच ५.५-६ पर्यंत चढवून मगच एन्झाइम घाला. आम्लात हे एन्झाइम तग धरत नाही.

---

गाळउपसा

दुसऱ्या घोळाकडे येतो. फवारणी नसलेल्या विहिरीत १५-२० टक्के. पहिला प्रश्न: त्या विहिरीत ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली होती का? मोकळा क्लोरीन एसीएचईला झोपवतो. ऑर्थोटोलिडीनचे दोन थेंब टाकून बघा. पिवळं झालं तर तुमचा गुन्हेगार तोच.

क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घालतात. जंतुतपासणीच्या बाटलीत १२० मिलीला ३ टक्के द्रावणाचे ०.१ मिली ही नेहमीची मात्रा. पण इथे एक पेच आहे. हेच थायोसल्फेट पुढे एनबीएसही खाऊन टाकतं. क्लोरीन गेला, ऑक्सिडेशनही गेलं, आणि क्लोरपायरीफॉस असूनही पट्टी 'स्वच्छ' म्हणते. क्लोरीनयुक्त पाणी असेल तर थेट मोजू नका, सी-१८ कार्ट्रिजमधून (कीटकनाशकासारखे तेलकट रेणू धरून ठेवणारी नळी) काढा. थायोसल्फेट, क्षार, तांबं सगळं वाहून जातं.

दुसरा संशयित तांबं. बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड बागायती भागात भरपूर. बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए (धातूंना जखडून ठेवणारं रसायन) ठेवा. दख्खनच्या बेसाल्टमधल्या विहिरींचं पाणी कठीण असतं, १ मिलिमोलर ईडीटीए म्हणजे फक्त १०० मिलिग्रॅम/लिटर कठीणपणापुरतं, पण तांबं ईडीटीएला कॅल्शियमपेक्षा कितीतरी घट्ट बिलगतं, त्यामुळे तांब्याचं काम होऊन जातं. फॉस्फेट बफर घातल्यावर पाणी गढूळ झालं तर ते कॅल्शियम फॉस्फेट. तिथे फॉस्फेट सोडा, मॉप्स नावाचं दुसरं बफर ५० मिलिमोलर घ्या.

तिसरं, मोजण्याची पद्धतच बदला. ज्या पाण्यात भिजवलं त्याच पाण्यात करंट बघू नका. भिजवताना पोटेन्शियल (इलेक्ट्रोडला दिलेलं व्होल्टेज) बंद. १० मिनिटांनी पट्टी बाहेर, बफरने दोनदा खळखळून, मग स्वच्छ बफर + सब्स्ट्रेटमध्ये मोजणी. ऑर्गॅनोफॉस्फेट एन्झाइमला घट्ट चिकटलेलं असतं, खळखळून धुऊन जात नाही. तांब्यासारखे उठवळ निरोधक बऱ्याच अंशी निघून जातात, ॲस्कॉर्बिक ॲसिड जातं, पाण्यातलं लोखंड आणि ह्यूमिक द्रव्यं यांचा करंटही जातो. एवढ्या एका बदलाने निम्मे खोटे पॉझिटिव्ह मिटायला हरकत नाही.

आणि सब्स्ट्रेट आयोडाइडचा नको, क्लोराइडचा घ्या. आयोडाइड स्वतःच इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होऊ शकतं. रंगाच्या पद्धतीत आयोडाइड चालतं, इथे कटकट.

---

अँपमीटर

वरच्यात भर. छापील पट्टीवरचा सिल्व्हर/सिल्व्हर क्लोराइड हा खरा रेफरन्स (पोटेन्शियल मोजायचा स्थिर आधार) नव्हे, तो पाण्यातल्या क्लोराइडवर नाचतो. क्लोराइड दहापट बदललं की सुमारे ५९ मिलिव्होल्ट सरकतो. कोकणातली किनाऱ्याची विहीर आणि घाटमाथ्यावरची विहीर एकाच +१०० ला मोजली तरी प्रत्यक्षात दोन वेगळी पोटेन्शियल. मोजणीच्या बफरमध्ये कायम ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड ठेवा.

वाचकयंत्रासाठी महागडा पोटेन्शिओस्टॅट (ठरलेलं पोटेन्शियल देऊन करंट मोजणारं यंत्र) नको. एलएमपी९१००० चिप पुरते. २.५ व्होल्ट रेफरन्स आणि ४ टक्के बायस म्हणजे नेमके १०० मिलिव्होल्ट. फीडबॅक रेझिस्टर ३५० किलोओहम, म्हणजे ८०० नॅनोअँपिअरला २८० मिलिव्होल्ट. पुढे व्होल्टेजचा आकडा करणारी एडीएस१११५ चिप, ±१.०२४ व्होल्टची रेंज, एक पायरी ०.१ नॅनोअँपिअरच्या आत. बॅटरीवर चालवा. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना ५० हर्ट्झची घरघर सगळं बुडवते. पट्टीचा सॉकेट ओला झाला की गळती करंट येतो, तो एन्झाइमचा वाटतो.

---

पिवळा४१२

आता कळीचा मुद्दा, ही पट्टी कोणत्या मर्यादेपर्यंत उपयोगाची. इन्हिबिशनचा साधा हिशोब: उरलेलं एन्झाइम (मूळच्या पटीत) = ई (२.७१८) चा उणे (के × मात्रा × वेळ) घात. के म्हणजे निरोधनाचा वेग. उदाहरणापुरता के १० लाख प्रति मोलर प्रति मिनिट धरा (ऑक्सॉनागणिक हा बराच बदलतो, तुमच्या पट्टीवर काढून घ्या), वेळ १० मिनिटं.

पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००:२०१२ क्लोरपायरीफॉसला ३० मायक्रोग्रॅम/लिटर परवानगी देतं. म्हणजे ८६ नॅनोमोलर. पूर्ण ऑक्सॉन झालं तर ५८ टक्के इन्हिबिशन. उत्तम. मॅलॅथिऑनची मर्यादा १९०, तिथेही अडचण नाही. पण मिथाइल पॅराथिऑनची मर्यादा ०.३, म्हणजे १.१ नॅनोमोलर, इन्हिबिशन १ टक्का. पट्टी-पट्टीतला फरकच ५-७ टक्के असतो. मर्यादेच्या दहापट विष असलं तरी जेमतेम १० टक्के.

तेव्हा सी-१८ कार्ट्रिज, ५०० मिलिग्रॅमचं. ५ मिली मिथेनॉल, ५ मिली पाणी, मग ५०० मिली नमुना मिनिटाला १० मिलीच्या आत. १० मिनिटं हवा ओढून कोरडं. ३ मिली ॲसिटोनायट्राइलने उतरवा, नायट्रोजनखाली ४० अंशाच्या आत ५० मायक्रोलिटरपर्यंत आणा. पूर्ण कोरडं केलंत तर उडून जाणारे रेणू गेलेच, डायक्लोरव्हॉस पहिला. त्यात १.९५ मिली बफर. म्हणजे २५० पट. ॲसिटोनायट्राइल २.५ टक्के राहतं, त्यावर फार जाऊ देऊ नका, कारण सॉल्व्हंट स्वतःच एन्झाइम दाबतं.

मोनोक्रोटोफॉसला मात्र हा रस्ता नाही. ते पाण्यात इतकं मिसळतं की सी-१८ वर थांबतच नाही. मर्यादा १ मायक्रोग्रॅम/लिटर, आणि निरोधक म्हणून ऑक्सॉनांपुढे मवाळ. ते या पट्टीने मानकापर्यंत दिसणार नाही, प्रयोगशाळेतल्या एलसी-एमएस/एमएस यंत्रालाच द्यायचं. हे अहवालात स्पष्ट लिहा.

तसंच इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन, डायफेन्थियुरॉन, ग्लायफोसेट एसीएचईला अडवतच नाहीत. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करणाऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेटही होती आणि ही दुसऱ्या जातीचीही. पट्टी 'ठीक' म्हणाली याचा अर्थ 'पाण्यात कीटकनाशक नाही' असा कोणी सरपंचाला सांगू नये.

---

थर्मासवाला

तिसरा घोळ तापमानाचा. सकाळी २२, दुपारी ३८. एन्झाइमचा वेगही वाढतो आणि निरोधनाचाही, दोन्ही एकमेकांना रद्द करत नाहीत. ॲल्युमिनियमचा ठोकळा, ३० अंश, थर्मोकोलचं खोकं. नमुना आधी ५ मिनिटं त्यात ठेवा. कोरा (कीटकनाशक नसलेलं स्वच्छ पाणी) आणि नमुना शेजारी-शेजारी, एकाच वेळी. सब्स्ट्रेट बर्फावर आणि रोज ताजा. तो एन्झाइमशिवायही हळूहळू फुटतो, उन्हात तर भराभर.

---

झिरपा

चांगला धागा. एक प्रश्न: याच वाचकयंत्रावर ई. कोलायची पट्टी बसवता येईल का? अँटिबॉडी लावून १००० जंतू/मिलीपर्यंत दिसतात असे शोधनिबंध पुष्कळ आहेत.

---

शतमिली

बसेल, पण त्या आकड्याचा अर्थ बघा. मानक म्हणतं १०० मिलीत एकही ई. कोलाय नको. १००० प्रति मिली म्हणजे १०० मिलीत एक लाख. एवढे जंतू असलेल्या विहिरीला सेन्सरची गरज नाही, नाक पुरतं. दुसरी गोची: पट्टीवर थेंब ५० मायक्रोलिटरचा, आणि १०० मिलीत दहा जंतू असतील तर त्या थेंबात एखादा सापडण्याची शक्यता दोनशेत एक. इलेक्ट्रोड कितीही तल्लख केला तरी हे गणित सुटत नाही.

सुटतं ते दोन वाटांनी. १०० मिली ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून पडदाच पोषकद्रव्यात टाकायचा, किंवा थेट वाढवायचं. ई. कोलायचं बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइम कामाला येतं: पॅरा-अमिनोफिनाइल ग्लुकुरोनाइड दिलं की पॅरा-अमिनोफिनॉल सुटतं आणि ते कमी पोटेन्शियललाच इलेक्ट्रोडवर दिसतं. फ्लुरोसन्स हवा तर एमयूजी (याच एन्झाइमने फुटून चमकणारं रसायन), ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळं. गाळून, वाढवून, ४४ अंशाला काही तासांत उत्तर येतं. जंतू जितके जास्त तितकं लवकर, म्हणजे मोजायचा तो वेळ. सगळे ई. कोलाय पकडले जात नाहीत, ओ१५७:एच७ मध्ये हे एन्झाइम सहसा काम करत नाही. गावपातळीवर हायड्रोजन सल्फाइडची काळी पडणारी कुपी अजून टिकून आहे ती उगाच नाही. त्यात १९८२ पासून फारसं काही बदललेलं नाही.

---

कार्बनपट्टी

कुपीच बरी मग. कीटकनाशकाकडे परत. सगळ्यांचं ऐकून एका नमुन्याला चार पट्ट्या असं ठरवतो आहे, चूक असेल तर सांगा.

दहापट संहत बफर: पोटॅशियम फॉस्फेट ५०० मिलिमोलर पीएच ७.५, पोटॅशियम क्लोराइड १ मोलर, ईडीटीए १० मिलिमोलर. ९ मिली नमुना + १ मिली हे. पट्टी १: स्वच्छ पाणी + बफर. पट्टी २: नमुना, एनबीएसशिवाय. पट्टी ३: नमुना, एनबीएस आणि ॲस्कॉर्बिकसह. पट्टी ४: तिसऱ्यासारखंच, पण क्लोरपायरीफॉस ३० मायक्रोग्रॅम/लिटर मुद्दाम घातलेलं. प्रत्येक पट्टीचा भिजवण्याआधीचा करंट आधी घ्यायचा, म्हणजे पट्टी-पट्टीतला फरक गळतो.

---

पिवळा४१२

बरोबर. दुसरीत इन्हिबिशन आलं तर आधीच ऑक्सॉन किंवा कार्बामेट (एसीएचईला अडवणारा कीटकनाशकांचा दुसरा वर्ग) किंवा अन्य काही. तिसरीत वाढलं तर थायोन. चौथी सर्वांत महत्त्वाची: ती दिसली नाही तर तिसरीचा 'स्वच्छ' निकाल रद्द. पहिलीचा करंट ५ टक्क्यांहून जास्त उतरला तर त्या दिवशीचा पूर्ण घाणा रद्द.

कार्बामेट वेगळं काढायचं तर भिजवलेली पट्टी तासभर स्वच्छ बफरमध्ये ठेवा. कार्बामेट आपणहून बरंच सुटतं, ऑर्गॅनोफॉस्फेट सहसा फारसं सुटत नाही (मिथॉक्सी गटवालं, म्हणजे मॅलॅथिऑन किंवा मिथाइल पॅराथिऑनसारखं, मात्र काही अंशी सुटू शकतं). ऑर्गॅनोफॉस्फेट प्रालिडॉक्सिमने (या विषबाधेवरच्या उताऱ्याने) सुटतं, तेही वेळेत दिलं तर. मिथॉक्सी गटवाल्यांत तो वेळ थोडा असतो.

स्टँडर्ड कुपीतलं तयार विरळ द्रावण घ्या, शुद्ध पॅराऑक्सॉन (पॅराथिऑनचा ऑक्सॉन, अतिविषारी) वजन करायला बसू नका. हातमोजे, फ्यूम हूड. काचेची भांडी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर.

---

गाळउपसा

नमुना गडद काचेच्या बाटलीत. पेटची रिकामी पाण्याची बाटली नको, क्लोरपायरीफॉस प्लास्टिकला चिकटतं. गाळ असेल तर तो गाळून टाकू नका, किंवा टाकलात तर 'फक्त विरघळलेलं' असं लिहा. बरंचसं क्लोरपायरीफॉस गाळालाच धरून बसलेलं असू शकतं. ४ अंशाला ठेवून आठवड्याच्या आत कार्ट्रिजवर.

---

मिलियुनिट

एक राहिलं. ९ + १ केल्यावर नमुना विरळ होतो, निकाल १०/९ ने गुणायला हवा. आणि वरचा ५८ टक्क्यांचा हिशोब न विरळलेल्या पाण्याचा आहे.

---

पिवळा४१२

हो, खरं आहे. बाटलीत ७७ नॅनोमोलर उरतं. चौथ्या पट्टीत तेवढंच घातलं असेल तर तिथे ५८ नव्हे, ५४ ची अपेक्षा ठेवा. क्लोरपायरीफॉस विरळल्यानंतर घालणार असाल तर मात्र ५८ च.